टीपॉयखालचा कागद

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर तुमच्या नव्या घराचा आराखडा दाखवलात आणि विचारलंत, "आजी, पुढे पाहुण्यांसाठी वेगळा हॉल ठेवायचा की नको?" मी काही बोलायच्या आत तुमचे बाबा मागून म्हणाले, "नकोच. आमच्या घरी होता ना, कुलूप लावलेला. कुणी कधी वापरलाच नाही. जागा फुकट."

मी तेव्हा गप्प बसले. नेट गेलं असेल असं तुम्हाला वाटलं. नेट चांगलं होतं.

उत्तर नीट क्रमाने लिहून पाठवते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून वाक्यं लहान ठेवली आहेत.

मी लग्न होऊन कर्जतला आले तेव्हा या घराला हॉल नव्हता. ओटी होती, आणि ओटीवर भाताची पोती. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, वडील सरकारी कचेरीत. ते पहिल्यांदा मला भेटायला आले तेव्हा पांढरी पँट घालून आले. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून सासूबाईंनी त्यांना पोत्यावर बसवलं. उठले तेव्हा पँटला मागे तूस चिकटलं होतं. ते एका हाताने तूस झटकत होते आणि दुसऱ्या हातात चहाचा पेला धरून म्हणत होते, "छान आहे, छान आहे." ते "छान आहे" मी विसरू शकले नाही. खालापूरच्या शाळेत नोकरी लागल्यावर मी मनाशी एकच ठरवलं, की या घरातून उठताना कुणाच्या कपड्याला तूस लागणार नाही.

हॉल बांधला. सोफा, दोन खुर्च्या, काचेचा टीपॉय, कपाटात सोनेरी काठाच्या सहा कपबश्या. सासूबाई म्हणाल्या, "देवाला कोनाडा आन्‌ पाव्हण्यांना खोली! बरं हाय बाई." मी लक्ष दिलं नाही. सोफ्यावर फुलांची चादर घातली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली. घरातली मुलं तिथे खेळली असती तर महिन्यात ती खोली ओटी झाली असती. पाहुणे आले की मी उघडत असे. माझे वडील पुन्हा आले, सोफ्यावर ताठ बसले, "हे बरं केलंस" म्हणाले. मला तेवढं पुरे होतं.

दर रविवारी मी आत जाऊन धूळ पुसत असे. धूळ फारच कमी असायची. शिक्षकांच्या खोलीत मी हे अभिमानाने सांगितलं आहे, की खोली बंद ठेवली की स्वच्छ राहते. दोघीतिघींनी माझं ऐकून आपल्या घरच्या खोल्यांना कुलपं लावली.

आता तुमच्या आजोबांबद्दल. ते खोपोलीच्या एका कारखान्यात टूल-रूमला, म्हणजे हत्यारं आणि साचे घडवायच्या विभागात होते. कायम पहिली पाळी, म्हणजे पावणेचारला घरी. मी दहाला निघायचे आणि सहा दहाच्या एसटीने नाक्यावर उतरायचे. मला माहीत असलेले तुमचे आजोबा फार कमी बोलायचे. संध्याकाळी पेपर वाचायचे, जेवायचे, झोपायचे. मी कधी विचारलं, "आज काय झालं?" तर "काही नाही." मला वाटायचं, दमतात. मला वाटायचं, स्वभाव. चाळीस वर्षं मी त्या स्वभावाशी जुळवून घेतलं, आणि चांगलं जुळवून घेतलं असा माझा समज होता.

ते गेले, तेरावा झाला, तुम्ही सगळे परत गेलात. त्यानंतर आठवड्याने आमच्याकडे पूर्वी काम करणारी बाई आली. घाटातल्या वाडीवरची. तुमचे बाबा आणि आत्या लहान असताना ती अकरा वर्षं आमच्याकडे होती, दोघं तिला मावशी म्हणायची. तिला बातमी उशिरा कळली होती. येताना रानकेळीच्या पानात बांधून करवंदं घेऊन आली.

इतक्या वर्षांत मी तिला हॉलमध्ये बसवलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, आता कसला भेद. मी कुलूप काढलं आणि म्हटलं, "ये, आज इथे बस."

मला वाटलं, ती दारात अवघडून उभी राहील. ती सरळ आत गेली. खिडकीजवळच्या खुर्चीवरची चादर तिने दोन घड्यांत काढली, उशी पाठीमागून काढून मांडीवर घेतली, आणि बसता बसता पडद्यामागे हात घालून पंख्याचं बटण दाबलं. ते बटण बाहेरून दिसत नाही. मला स्वतःला ते दर वेळी चाचपावं लागतं.

"अजून करकरतो काय ओ हा?" ती पंख्याकडे बघून म्हणाली.

मी उभीच होते. "तुला बटण कसं माहीत?"

तिने तोंडावर हात ठेवला. मग हात काढला. "बाई, तुमी रागवू नका हां. दादा गेलं, आता काय लपवायचं? रोज दुपारची इथंच बसायची ना सगळी. च्या मीच करायची."

"सगळी म्हणजे कोण?"

"दादा, ताई, तुमचा पोरगा, आन्‌ मी. दादा मलापन खाली बसू देत नव्हतं. म्हणायचं, खुर्ची हाय ती बसायलाच हाय."

"आणि किल्ली?"

"दादांनी कारखान्यातच केली ना दुसरी. मिठाच्या बरणीमागं असायची." मग ती हसली, आठवून हसली, माझ्यासाठी नव्हे. "काय हसवायचं ओ दादा! पोट दुखायचं. सगळ्यांच्या नकला. सायबाची, भटजीची, कंडक्टरची..." ती थांबली.

"अजून कुणाची?"

"जाऊ द्या बाई."

"सांग."

"तुमची पन. तुमी खडूची बोटं झटकता ना, आन्‌ मग चष्म्यावरनं बघता, तसं. ताई तर लोळायची हसून."

मी माझी बोटं पदरात घेतली. खडू सोडून मला दहा वर्षं झाली, तरी.

ती घाबरली असावी. निघताना सारवासारव करत म्हणाली, "पन बाई, एक दिस बी तुमची खोली घाण ठेवली नाय. कागदच लावला व्हता ना दादांनी, टीपायच्या खाली."

ती गेल्यावर मी काच बाजूला ठेवून टीपॉय उलटा केला. खालच्या फळीला कागद होता, चारी बाजूंनी चिकटपट्टी, वहीचा चौकटीचा कागद. तुमच्या आजोबांचं अक्षर कारखान्यातल्या फलकांसारखं चौकोनी होतं. त्यांनी लिहिलं होतं:

चादर: फुले भिंतीकडे.
उशा: डागाची बाजू खाली.
कप धुऊन, पुसून, कान उजवीकडे.
धूळ पुसणे, पण टीपॉयवर थोडी ठेवणे.
पंखा बंद. पडदा ओढणे.
५.५५ ला आवरायला घेणे.

खाली पेन्सिलने, वेगळ्या अक्षरात: "शेंगदाण्याची सालं सोफ्याखाली बघणे!!!" ते अक्षर तुमच्या बाबांचं. दुसरीतलं. तो "श" मी स्वतः हात धरून गिरवून घेतला होता.

कोपऱ्यात त्याच पेन्सिलने काढलेलं खोलीचं चित्र होतं आणि कुणी कुठे बसायचं ते. चार चौकोन. बाबा, ताई, मी, मावशी. सोफ्यावर एक जागा मोकळी होती. तिथे काही लिहिलं नव्हतं. माझ्यासाठी ठेवलेली असेल, असं मला बराच वेळ वाटून घ्यावंसं वाटलं. पण तिथे कॅरम ठेवत असत. तेही बाजूला लिहिलं होतं.

सोनेरी काठाची एक बशी फुटलेली मला एकदा सापडली होती. त्याआधी हॉलमध्ये चहा प्यायलेल्या माझ्या वहिनीला मी त्या बशीसाठी वर्षभर मनातून दोष दिला. वहिनी आता नाही.

तुमच्या आत्याला मी पनवेलला फोन केला. ती हसायला लागली. "अगं आई, तुला खरंच माहीत नव्हतं? मला वाटायचं, तू माहीत असून दाखवत नाहीस."

"मला माहीत असतं तर मी दर रविवारी धूळ कशाला पुसली असती?"

"बाबा म्हणायचे, तिची खोली तिला जशीच्या तशी मिळाली पाहिजे. तिला त्रास नको."

"आणि माझी नक्कल?"

आत्या म्हणाली, "ती प्रेमाने करायचे गं. आणि कुलूप होतं म्हणूनच मजा यायची. उघडी असती तर कोण बसलं असतं तिथे?"

हे तिला म्हणायला सोपं आहे. ती चार चौकोनांत होती.

मला खोली वापरल्याचं दुःख नाही. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं आहे, म्हणून खात्रीने लिहिते. सोफा झिजला असता तर झिजला असता. मला त्या माणसाचं दुःख आहे. पावणेचार ते पाच पंचावन्न या घरात एक हसणारा, बोलणारा माणूस राहत होता. सव्वासहाला मी दारात यायचे आणि तो पेपर उघडायचा. चादरीसारखाच तोही माझ्यासाठी जसाच्या तसा परत ठेवलेला असायचा. माझी त्याच्याशी ओळखच करून दिली नाही कुणी. तेरा दिवस तुम्ही सगळे या घरात होतात, त्याच्या आठवणी काढत होतात, तेव्हाही नाही.

कुलूप मी लावलं होतं, हे मी विसरलेले नाही. पण सहा दहानंतरही रात्र असायची, रविवार असायचे. त्यातल्या एका रविवारी कुणी म्हणू शकलं असतं, आई, ये बस.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुमचे बाबा म्हणतात की आमचा हॉल कुणी कधी वापरलाच नाही. ते चूक आहे. या घरात सगळ्यांत जास्त वापरलेली खोली तीच. तेव्हा जागा फुकट जाते या कारणाने हॉल काढू नका. ठेवायचा असेल तर ठेवा, पण आराखडा डिसेंबरपर्यंत पक्का करू नका. तुम्ही सगळे इकडे येणार आहात, तेव्हा बाकीचं बोलू.

बाबांना मी कागदाचं सांगितलेलं नाही. आत्यालाही शपथ घातली आहे. दर रविवारी फोनवर मी वाट बघते की ते आपणहून सांगतील. अजून "कुणी कधी वापरलाच नाही" हेच चालू आहे.

डिसेंबरात आलात की मी त्यांना पाहुण्यासारखं हॉलमध्ये नेणार आहे. सोनेरी काठाच्या कपात चहा देणार आहे, कान उजवीकडे. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसतील की सोफ्यावर ताठ, ते बघणार आहे. मग टीपॉय उलटा करणार आहे. रागावणार नाही. फक्त म्हणणार आहे, ती नक्कल करून दाखव. त्यांच्याकडून बघायची राहिली, तुला येत असणार. मी कॅरमच्या जागी बसेन. मला हसू येईल की नाही, ते आज सांगता येत नाही.

तोवर त्यांच्याजवळ बोलू नका. आपल्या घरातल्या मुलांना गुपित ठेवता येतं, हे मला आता ठाऊक आहे.