बरडावरचं गवत

लग्न होऊन मी अकोल्याहून चांदूर बाजारजवळच्या खेड्यात आले, तेव्हा मॅट्रिक पास होते आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची पुरेपूर काळजी घेत होते. घरात शिकलेली बाई मी पहिलीच. मामाजी, म्हणजे माझे सासरे, पाहुणे आले की वर्तमानपत्र माझ्याकडे द्यायचे आणि मी ते खणखणीत आवाजात वाचून दाखवायची. अशा बाईला मतं असणारच. माझं मत मळ्याच्या वरच्या बरडाबद्दल होतं.

बरड म्हणजे मुरमाड, उताराची जमीन. तिच्यावर कमरेएवढं गवत आणि चार पळस. खाली मामाजींनी हातानं लावलेला संत्र्याचा मळा, त्याची विहीर आणि शेजारून जाणारा नाला, जो होळीपर्यंत झुळझुळत असे. झाडं अजून फळाला आली नव्हती. येत्या थंडीत पहिला बहार धरायचा, एवढंच मामाजींच्या डोक्यात असे.

"मामाजी, एवढी जमीन नुसती गवताले कावून सोडली?"

"माह्या बापानं सोडली होती."

"त्याईनं कावून सोडली?"

"तेच तं इचारलं नाई."

हे काय उत्तर झालं! मी सहा महिने भुणभुण लावली. आमचे हे दोन्हीकडे मान डोलवायचे. शेवटी उन्हाळ्यात बरडावर नांगर फिरला आणि पुढे पऱ्हाटी पेरली. तिथलं गवत कापून बाजारात विकणारी एक शेजारीण दारात आली. "बाई, माह्या भाऱ्याचं आता कसं?" म्हणाली. "कापूस वेचाले ये," मी ऐटीत सांगितलं.

पावसाळ्यात नाला असा दणदणत आला की गाव पाहायला लोटलं. गढूळ पाणी, दोन्ही काठ भरून. "पाहा, पाणी वाढलं!" मी म्हणाले. दोन दिवसांत तो ओसरला. पुन्हा पाऊस, पुन्हा लोंढा, पुन्हा ओसर. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी पांढरीफेक फुटली आणि मला शिंगं फुटली. नाल्यातले गोटे तेव्हाच उघडे पडले होते, पण कापूस फुटला असताना नाल्याकडे कोण पाहतो?

विहीर खाली चाललेली मामाजींना दिसली, पण ते खूश झाले. संत्र्याला फुलं हवी असतील तर आधी ताण द्यावा लागतो. थंडीत महिनाभर पाणी तोडायचं, पानं मलूल झाली की भरपूर सोडायचं, मग झाड फुलांनी लगडतं. "जमीन कशी झटकन सुकून राहिली पाय! औंदा ताण मस्त बसते," ते म्हणायचे आणि आम्ही सगळे हो ला हो करायचो. विहीर आटत होती आणि आम्ही तिला शाबासकी देत होतो.

संक्रांत झाल्यावर नारळ फोडून मोट जुंपली. पहिली मोट अर्धी आली, दुसरीत चिखल आला. तिसरी मामाजींनी सोडलीच नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमचे बैल तसेच उभे होते आणि अतिशहाणी मी त्यांच्या शेजारी.

तो उन्हाळा आम्ही नदीवरून बैलगाडीनं पिंपं आणून काढला. एकेका झाडाला दोन-दोन घागरी. शेजारीणही रोजानं यायची. एकदा घागर ओतता ओतता ती सहज म्हणाली, "गवतात पानी चालते बाई, नांगरटीत पयते."

मॅट्रिकच्या भूगोलात हे नव्हतं. चालणारं पाणी मुरमात मुरायचं, तेच सावकाश विहिरीत उतरायचं आणि नाल्याला होळीपर्यंत पुरायचं. मी त्याला पळवून लावलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निम्मी झाडं गेली. पारावर लोकांनी विचारलं तेव्हा मामाजी म्हणाले, "माह्याच डोस्क्यात भरलं होतं नांगरनं." मी तिथूनच पाणी घेऊन चालले होते. ऐकलं आणि गप्प राहिले. आयुष्यात मी गप्प राहिल्याचे प्रसंग मोजकेच आहेत. त्यातला हा सगळ्यांत लाजिरवाणा.

बरड मोकळं सोडलं. शेजारणीनं कुठून कुठून गवताचं बी आणून फेकलं. तिसऱ्या पावसाळ्यात गवत कमरेला लागलं, नाला नितळ झाला आणि त्या थंडीत ताण तोडायच्या दिवशी मोट काठोकाठ भरून आली. उरलेली झाडं फुलली.

पुढच्या दिवाळीत मामाजींनी मळ्यातलं पहिलं संत्रं आणून देवापुढे न ठेवता माझ्या हातात दिलं. मला राहवलं नाही. "मामाजी, बरड म्या नांगराले लावलं होतं. तुमी पारावर उगाच आपल्या अंगावर घेतलं."

"अवं, साऱ्या गावाले मालूम हाये," ते हसत म्हणाले. "तू पेपर वाचतं तो पारापोतर आयकू येते. भुणभुण नसन आली काय?"

"मंग तुमी तसं कावून सांगतलं?"

"नांगर कोनं धरला होता? म्या धरला होता ना?"

मी रडत रडत संत्रं सोललं. आंबट होतं. बियांसकट खाल्लं.