ग्रँटवर चालणारं कॉलेज

कुठलाही प्रोजेक्ट तीन वर्षांत संपतो. मशिनं गंजतात, बोर्ड उतरतात, मुली नोकरीला लागून फोन नंबर बदलतात. मागे उरतात फक्त रिपोर्ट आणि किस्से. रिपोर्ट आजतागायत कुणी वाचलेला नाही, म्हणून किस्से सांगते.

मी राजाजीनगरातल्या एका कम्युनिटी कॉलेजात प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर. आमचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलंच. घरी मराठी बोलतो, रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये भांडतो आणि रिपोर्ट इंग्रजीत पाडतो.

प्रिन्सिपॉल पाटीलसर बेळगावकडचे. ग्रँट हा शब्द कानावर पडला की त्यांना खुर्चीत बसवत नाही! आणि आमची सरोजक्का. ती मुलींना घरगुती उपकरणांची दुरुस्ती शिकवते. मिक्सर, गीझर, पंखा, सगळं उघडायचं आणि पुन्हा जोडायचं. पंधरा वर्षं शिकवतेय, तीही कंत्राटावर. ग्रँट गेली की कोर्स बंद आणि अक्का घरी, इतका साधा हिशोब.

*

आमच्या हॉलला पंखे एका संस्थेने दिलेत, बाकं दुसरीने. दोघांनाही वाटतं की हॉल आपल्यामुळेच उभा आहे. आणि आपण तरी कशाला नाही म्हणायचं?

एकदा दोन्हीकडचे पाहुणे एकाच दिवशी, एकाच वेळी टपकले. माझी पाचावर धारण बसली. पाटीलसर मात्र शांत.

"त्यात काय की! पंख्यांच्या पाहुण्यांना तुम्ही घ्या आणि वर बघायला लावा. बाकांचे माझ्याकडे, मी त्यांना खाली बघायला लावतो. नजरानजर झाली नाही म्हणजे झालं!"

अर्धा तास मी मान वर करून पंख्यांच्या पात्यांची स्तुती करत होते. मान अजून दुखते.

*

लॅब रंगवून झाली आणि देणगीदारांचा मेल आला, 'बिफोर'चे फोटो पाठवा. रंगवायच्या आधी फोटो काढायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नाही तर नाही," सर म्हणाले. "आता बिफोर करू की!"

झालं! मोडक्या खुर्च्या आणल्या, नव्या कोऱ्या भिंतीवर चहाचं पाणी मारलं, कापसाची जाळी लावली. सरोजक्का दारात हाताची घडी घालून उभी. "मी असल्या पापात नाही," असं दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा मात्र तिला राहवलं नाही.

"अय्यो, जाळी कोपऱ्यात असतात, मधोमध नाही! स्वल्प सरका, मी लावते."

आठवड्याने उत्तर आलं. 'खोलीची अवस्था पाहून फार वाईट वाटलं. पुन्हा रंगकाम मंजूर करत आहोत.'

आणि खरं सांगू? चहाचे डाग काही केल्या निघत नव्हते, त्यामुळे ते रंगकाम लागलंच!

*

प्रत्येक रिपोर्टात एक सक्सेस स्टोरी लागते. साधी चालत नाही, आधी हालअपेष्टा हव्यात. एका वर्षी आमच्या वाट्याला भारती नावाची अत्यंत सुखी मुलगी आली. वडिलांचं यशवंतपूरच्या मार्केटात कांद्याचं होलसेल दुकान, आई प्रेमळ, भाऊ शहाणा. सर तासभर तिला खोदून खोदून विचारत होते.

"बाळ, घरी काहीतरी त्रास असेलच की? आठव जरा."

भारतीने मनापासून आठवलं. "आहे सर. आमच्या स्वयंपाकघरात नेटवर्क येत नाही."

सर माझ्याकडे वळले. "लिहा! 'संपर्कापासून वंचित.'"

*

एक ट्रेनिंग होतं, ग्रँट संपल्यावरही प्रोजेक्ट कसा टिकवायचा यावर. दोन दिवसांचं. पहिला दिवस फार छान झाला. दुसरा दिवस रद्द झाला, कारण ट्रेनिंगची ग्रँट संपली!

*

आता मागच्या वर्षीचं. सरोजक्काच्या कोर्सचं रिन्यूअल होतं आणि तपासणीला एक मॅडम पुण्याहून येणार होत्या. त्या फॉर्म भरणार, पाचपैकी गुण देणार आणि त्यावर कोर्स राहणार की जाणार ते ठरणार.

आदल्या दिवशी अक्काने बातमी दिली की तिच्या वीसच्या वीस मुलींना नोकऱ्या लागल्या. वर्गात आता कुणीच नाही.

"नोकरीला लागल्या?" सर ओरडले. "आत्ताच कशाला लागल्या!"

रिकामी बाकं दाखवायची कशी? सरांनी ब्यूटिशियनच्या वर्गातल्या वीस मुली आणून बसवल्या, हातात स्क्रू-ड्रायव्हर दिले. अक्का रात्रभर झोपली नव्हती हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. मला तिचं फार वाईट वाटत होतं, पण सरांना नको म्हणायला माझीही जीभ रेटेना.

मॅडम देवनहळ्ळीच्या विमानतळावरून ट्रॅफिक कापत दोन तासांनी पोचल्या, त्या वैतागूनच. पहिल्याच बाकावरच्या मुलीला विचारलं, "गीझर उघडायच्या आधी काय करायचं?"

"क्लेन्झिंग, मॅडम!"

सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तेवढ्यात सरोजक्का उभी राहिली.

"मॅडम, ह्या माझ्या मुली नाहीत. माझ्या मुली कामावर गेल्यात."

मॅडमनी फॉर्मवर पेन टेकवलं. "कामावर गेल्या हे तुम्ही सांगताय. मला त्या समोर दिसायला हव्यात. इथे हजेरीचा रकाना आहे, त्यात मी शून्य लिहिलं तर पुढचं तुम्हाला माहीत आहे."

अक्का खाली बसली आणि पदराने चष्मा पुसत राहिली.

एवढ्यात दारात कंपनीचा टी-शर्ट, हेल्मेट आणि पाठीवर बॅग घेतलेलं कुणीतरी उभं राहिलं. आमचा पाण्याचा फिल्टर पंधरा दिवस बंद होता. वॉरंटीत असल्यामुळे त्याला हात लावायची अक्कालाही परवानगी नव्हती, म्हणून सरांनी कंपनीकडे तक्रार टाकली होती. कंपनीला नेमका हाच मुहूर्त सापडला!

"आत्ता नाही, आत्ता नाही!" सर धावले. "इन्स्पेक्शन चाललंय, उद्या या!"

"सर, कम्प्लेंट आजच बंद करायचीय," म्हणत हेल्मेट निघालं. आतून रेणुका निघाली. अक्काच्या वीसपैकी एक.

तिने कोपऱ्यातल्या फिल्टरचं झाकण उघडलं मात्र, अक्का तपासणी, मॅडम, रिन्यूअल सगळं विसरून कडाडली.

"रेणुका! आधी प्लग!"

"काढलाय, अक्का," रेणुका मान वर न करता म्हणाली. "आणि ओरडू नका, मी ड्युटीवर आहे."

मॅडम खुर्ची ओढून जवळ जाऊन बसल्या. वीस ब्यूटिशियनही बाकांवरून उठून भोवती जमल्या. दहा मिनिटांत पाणी आलं. रेणुकाने पहिला ग्लास अक्काला दिला, दुसरा मॅडमना आणि हात पुसत मोबाईल त्यांच्यापुढे धरला.

"मॅडम, फीडबॅक प्लीज. काम आवडलं असेल तर पाच स्टार."

मॅडमनी पाण्याचा घोट घेतला आणि पाचही स्टार दाबले. मग आपला फॉर्म पुढे ओढला आणि मला विचारलं, "ह्यातही पाचच असतात ना हो?"