सांबराची शिंगं

आमच्या बैठकीत भिंतीवर सांबराची शिंगं आहेत. बायकोच्या आजोबांनी संस्थानाच्या काळात मारलेल्या सांबराची. तिच्या माहेरचं घर विकलं, तेव्हा तिने एवढंच मागून आणलं. मला ती कधीच आवडली नाहीत. मेलेल्या जनावराचं घरात काय काम, असं मी म्हणायचो.

"तुम्ही नका बघू तिकडे," ती म्हणायची. दर उन्हाळ्याआधी मऊ फडक्याने धूळ पुसून ती शिंगांवर जवसाच्या तेलाचा हलका हात फिरवायची. इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ती तडकतात, असं तिचं म्हणणं.

बायको गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, भर दुपारी, भिंतीतला खिळा निसटला. केवढा आवाज झाला! मी स्वयंपाकघरातून धावत आलो. शिंगं बसवलेली लाकडी पाटी शाबूत होती, पण शिंगाच्या एका फांदीचं टोक तुटून सोफ्याखाली गेलं होतं. शेजारचा मुलगा दारात आला. "काय झालं काका? सब ठीक?"

"हौ, काही नाही. शिंगं पडली."

"अरे, मग देऊन टाका ना फॉरेस्टवाल्यांना," म्हणाला आणि गेला.

तेच मुलगीही फोनवर किती वेळा म्हणाली होती. ती बेंगळुरूला असते. कायद्याने विकता तर येतच नाहीत, मग सांभाळायची कशाला, असा तिचा सरळ हिशोब. मलाही तो पटायचा.

पण त्या दुपारी मी तुटलेलं टोक गोंद लावून जागेवर बसवलं आणि ते घट्ट होईपर्यंत शिंग मांडीवर धरून बसलो. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्याला हात लावला होता. खरखरीत होतं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड. हे बायको एकटीने कसं उतरवत असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं. कूलर घरघरत होता. दुसरा आवाज नव्हता.

मग तेल लावलं. संध्याकाळी सुतार येऊन नवा खिळा ठोकून गेला. मी मुलीला व्हिडिओ कॉल लावला, फोन टेबलावर उभा केला.

"बाबा, डावीकडे कलतंय."

मी स्टुलावर चढून पाटी जरा सरकवली. "आता?"

मागे वळून पाहिलं तर कॉल कटला होता. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला, मीटिंग सुरू झाली म्हणून. मी खाली उतरलो, लांब जाऊन पाहिलं. सरळ आहे की नाही, मला काही सांगता येईना.