सगळ्या माणसांची लाज

माझी धाकटी जाऊ दुसऱ्या समाजातली. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी तिच्या हातच्या भाजीला सासूबाई ‘तिच्याकडची भाजी’ म्हणतात. आमची ती नुसती भाजी. मनात काही वाकडं नाही हो, दोनदा मागूनही घेतात.

जाऊबाईंचं संशोधन सामाजिक मानसशास्त्रातलं. विषय, माणूस मदत मागायला का लाजतो. त्यासाठी ती बोलली ते बहुतेक तिच्या माहेरच्या वस्तीतल्यांशी, कारण दारं तिथलीच उघडली. प्रबंधाला ‘माणूस मदत मागायला का लाजतो’ हेच नाव दिलं, तर मार्गदर्शक सरांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, शीर्षकात तुझ्या समाजाचं नाव घाल, तुझी माणसं म्हणजे काही सगळी माणसं नव्हेत. नाही घातलं तर सही नाही. सहीशिवाय पदवी नाही आणि पदवीशिवाय तिची कॉलेजातली नोकरी पक्की होणार नव्हती.

सरांचं स्वतःचं गाजलेलं पुस्तक माणसाच्या रागावर. त्यातली माणसं म्हणजे सरांच्याच वर्गातली, सरांच्याच समाजातली, हजेरीच्या धाकाने बसलेली मुलं. मुखपृष्ठावर मात्र अख्खी मानवजात. पूर्वग्रह या विषयावर सर तासभर सुंदर बोलतात, ते वेगळं.

त्या दिवशी जाऊ घरी आली ती चेहरा पाडून. जेवताना सासूबाईंना म्हणाली, “आई, तुमच्याकडची भाजी वाढा ना थोडी.”

सासूबाईंचा डाव हवेतच थांबला. “आमच्याकडची म्हणजे काय? भाजी आहे ती.”

“हं,” जाऊ म्हणाली, आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी तिने गुणी मुलीसारखं शीर्षकात समाजाचं नाव घातलं. मग आत जिथे जिथे जुन्या संशोधनाचा उल्लेख होता, तिथेही ज्याच्या त्याच्या समाजाचं घातलं. सरांचा जगप्रसिद्ध सिद्धान्त आता फक्त सरांच्या समाजातल्या कॉलेजकुमारांच्या रागाचा झाला.

सरांचा राग मात्र सगळ्या माणसांसारखाच निघाला. “अगं, माझा सिद्धान्त सगळ्यांना लागू आहे. तू तो एका समाजात कोंबतेस?”

“नियम तुमचाच, सर. काढायचं तर दोन्हीकडचं काढू.”

सरांनी विचार केला, बहुधा मानवजातीचा, आणि दोन्हीकडचं खोडून सही ठोकली.

पदवी मिळाली, नोकरी पक्की झाली. सर हल्ली व्याख्यानांत सांगतात, संशोधनातली ही खोट आपल्या लक्षात कशी आली ते. कोणामुळे, हे सांगायचं राहून जातं.

सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, “आमची सून डॉक्टर झाली.” भाजी अजून तिच्याकडचीच आहे.