रुंद शून्य

आमच्या गल्लीतली न्यूट्रलची तार तुटलेली की जोडलेली, यावर माझ्या आईचा श्वास चालतो, हे समजायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. मी नंदुरबारला एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आईवडील शहादा तालुक्यात, तापीच्या बाजूच्या आमच्या गावी असतात.

आईची फुप्फुसं कडक झाली आहेत. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं एक यंत्र भाड्यानं आणून तिच्या खाटेशेजारी ठेवलंय. दिवसाचा बराच वेळ त्याची नळी तिच्या नाकात असते. यंत्राला लाइट भरपूर लागते आणि आमच्या गावची लाइट म्हणजे पाहुणी, आली तर आली. इन्व्हर्टरवर ते थोडेच दिवस चाललं, मग बॅटरीनं कायमची मान टाकली. म्हणून भिंतीला टेकून ऑक्सिजननं भरलेला सिलिंडर उभा केलाय. लाइट गेली की चावीनं तो उघडायचा. आईच्या बोटांत तेवढा जोर नाही, ते काम आबांचं. आबा अंगणात नाहीतर गोठ्यात असतात आणि एका कानानं कमी ऐकतात. यंत्राचा स्वतःचा भोंगा आमच्या आधी ते भाड्यानं नेलेल्या कुणाच्या तरी घरी मरून गेला होता. आईला नंदुरबारला माझ्याकडे नेलं, तर आठवडा व्हायच्या आत परत आली. म्हणाली, तुझ्या खोलीला अंगणच नाही.

तेव्हा मी एक पेटी बनवायची ठरवली. लाइट गेली की अंगणात जोरात भोंगा वाजवणारी.

घरातली वीज एका दिशेनं वाहत नाही, ती पुढे-मागे होते आणि दर फेरीत दोनदा शून्यातून जाते. ते शून्य पकडायचं. शून्यं नेमानं येत राहिली तर लाइट आहे, यायची थांबली की भोंगा. सोपं वाटतं. पण पेटीचा पत्रा, बटण, अंगणात नेलेली तार, सगळ्याला कुणाचा ना कुणाचा हात लागणार. आणि आमच्याकडे फेज कुठल्या बाजूला आणि न्यूट्रल कुठल्या, हे बोर्ड बसवणाऱ्याला आठवत असेल तर त्याचं नशीब. म्हणून मी मधे ऑप्टोकप्लर घातला. नखाएवढा काळा तुकडा. त्याच्या एका पोटात इवलासा दिवा, दुसऱ्या पोटात तो दिवा बघणारा डोळा, आणि दोघांच्या मधे एकही तार नाही. घरची वीज मोठ्या रेझिस्टरमधून येऊन दिवा पेटवते. शून्यापाशी दिवा क्षणभर विझतो, डोळ्याला अंधार दिसतो, तो पुढे कळवतो. पलीकडे फक्त उजेड जातो, वीज नाही. हे मी मुलांना दरवर्षी फळ्यावर शिकवते. पण आईसाठी करताना दोन तुकडे मी डाग देतानाच जाळले आणि स्वतःवरच ओरडले.

आईच्या उशाशी पेटी लागली. हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. मी मेन स्विच पाडला, भोंगा वाजला, आबा दचकून आत आले, चावी फिरवली, सिलिंडर फुसफुसला. आई नळीमागून हसली. मला इतका आनंद झाला की बसमध्ये मी अनोळखी बाईला पेटीचं वर्णन सांगत बसले.

पुढे मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी घरी आले, तर आईचे ओठ जांभळे. यंत्र घरघरत होतं, पण आतला पंप हलत नव्हता. आणि माझी पेटी हिरवा ठिपका लुकलुकवत, सगळं ठीक आहे म्हणत बसलेली. मी चप्पल पायात असतानाच सिलिंडर उघडला. आईचे ओठ परत रंगावर आले तेव्हा कुठे मी चप्पल काढली.

मग कारण शोधत मागच्या दारी गेले. मोरीच्या पाण्याजवळ लोखंडी सळई ठोकलेली, तिला तार बांधलेली, भोवती खड्डा आणि खड्ड्यात मिठाचं पाणी. खांबावरचं न्यूट्रल, म्हणजे घरातली वीज परत नेणारी तार, तुटलं होतं. अशा वेळी आमच्याकडे कुणी वायरमनची वाट बघत बसत नाही. सळई ठोकतात, मीठ-पाणी ओततात आणि जमिनीलाच न्यूट्रल करतात. बल्ब लागतो, पंखा फिरतो. पण उन्हानं जमीन सुकली की लाइट मरगळते. एवढ्याशा विजेवर यंत्राचा पंप बसतो. ऑप्टोकप्लरच्या दिव्याला मात्र तेवढीही पुरते, म्हणून पेटीला शून्यं दिसतच होती.

"लाइट शे ना घरमा?" आबा म्हणाले. "मंग कसाले बोंब मारस? आख्खी गल्ली अशीच चालस."

माझं डोकं फिरलं. आईच्या खाटेशेजारी उभी राहून मी आबांवर नाही नाही ते ओरडले. त्या सळईतून घरातली सगळी वीज जमिनीत उतरते, ओल्या मातीत अनवाणी उभे राहाल तर जीव जाईल, मागच्या गल्लीतली म्हैस अशाच सळईपाशी मेली ना, अशी मेलेली म्हैसही मी मधे आणली. आबांनी तोंड फिरवलं. माणूस घरात उजेड ठेवायला धडपडतो आणि लेक त्याला खुनी ठरवते, असं काहीतरी त्यांच्या पाठीवर दिसत होतं. आई ऐकत होती, एवढंच.

सळई काढू म्हटलं तर मधल्या वेळी काय? सिलिंडर दिवसभर पुरत नाही. मी वायरमनला फोन केला. तो म्हणाला, उद्या येतो. त्याचा उद्या अजून उजाडायचा होता.

तोवर मी पेटीला शहाणं करायला बसले. वीज जोरदार असली की शून्यापाशीचा अंधार अगदी अरुंद असतो. वीज मरगळली की दिव्याला परत पेटायला वेळ लागतो आणि अंधार रुंद होतो. म्हणजे शून्य आलं की नाही एवढंच विचारून भागत नाही, ते किती रुंद आहे हे विचारायला हवं. यात माझा शोध काही नाही, पुस्तकात हा सर्किटचा दोष म्हणून लिहिलेला असतो. मी त्या दोषालाच कामाला लावलं. शून्य ठरावीक मापापेक्षा रुंद झालं की ठिपका लाल होणार आणि भोंगा वाजणार. चाचणीच्या वेळी कान फुटू नयेत म्हणून बाजूला भोंगा बंद करायचं एक छोटं बटण ठेवलं.

पुढच्या शनिवारी आबा खुशीत होते. "तुन्हं डबडं आते खरं बोलस," म्हणाले. "भोंगा वाजना का मी पानी टाकस. लगेच चूप व्हयी जास."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! भोंगा ऐकून त्यांनी सिलिंडर उघडायचा होता. ते बादली घेऊन सळईकडे धावत होते, तेही भर दुपारी, अनवाणी. एकही हात विजेला लागू नये म्हणून मी ती पेटी रचली आणि तीच आता माझ्या बापाला हाका मारमारून त्या खड्ड्यापाशी बोलवत होती. मी त्यांना रबरी चप्पल आणून दिली. ती दारामागे नव्यासारखीच पडून राहिली.

त्यानंतरच्या शनिवारी मी घरात पाऊल टाकलं तेव्हा घर शांत होतं. आई डोळे मिटून पडलेली, ओठ पुन्हा काळपट, छाती भराभर हलत होती. पंप बसलेला. पेटीवर लाल ठिपका होता, म्हणजे तिनं बरोबर ओळखलं होतं. पण भोंग्याचं बटण दाबलेलं. मी सिलिंडर उघडला, नळी बदलली. आई बोलू शकायला लागली तेव्हा विचारलं, बटण कोणी दाबलं?

"मी," ती म्हणाली.

"कसाले, माय?"

ती थांबत थांबत बोलली. "भोंगा वाजना का तुन्हा बाप अनवाणी तठे पयस. तूच म्हनेल शे, तठे जीव जाई." मग डोळे मिटून, "उलसा दम धरस मी. येस लाइट."

मला रडू फुटलं. रागही आला, कुणावर ते कळेना. कितीदा केलं असेल तिनं हे? विचारायची हिंमत झाली नाही. मी मान वर केली तर दारात आबा उभे. हातात रिकामी बादली. त्यांचा चांगला कान आमच्याकडे होता.

त्यांनी बादली खाली ठेवली, दारामागची रबरी चप्पल पायात घातली, आधी मेन स्विच पाडला. मग मागच्या दारी गेले आणि सळईची तार सोडवून गुंडाळी करून घेऊन आले. पंखा थांबला होता, यंत्राची घरघर थांबली होती. त्यांनी पेटीपाशी वाकून ते बटण परत वर केलं. भोंगा पेटीच्या बॅटरीवर किंचाळायला लागला, अंगणात, गल्लीत, पार चावडीपर्यंत. शेजारचे धावत आले. कुणी वायरमनला फोन लावत होतं, कुणी काय झालं म्हणून विचारत होतं. मी बटणाकडे हात नेला.

आबा आईच्या खाटेच्या कडेला बसले होते. एका हातात सिलिंडरची चावी, दुसऱ्या हातात तिचं मनगट.

"वाजू दे," ते म्हणाले. "मी आते कोठेच जात नही."