तिच्या सुताचा ताणा

शाळांसाठी माहितीपट करण्यात माझे आयुष्य गेले. कुंभारकाम, वसतिगृहे, बालविवाह, पाणी अडवणे, जे काम आले ते केले. वर्गातल्या मुलाला वीस मिनिटांत विषय समजला पाहिजे, एवढाच दंडक पाळला. त्यांतले बहुतेक आता आठवत नाहीत. घोंगडीचा आठवतो.

अंबडहून शहागडकडे जाताना रस्त्यापासून थोडे आत एक गाव आहे. तिथे घोंगडीचा एकच माग उरला होता. विणणारे गृहस्थ माझ्याच वयाचे. त्यांची पत्नी ओसरीत बाजेवर असायची. आदल्या वर्षी तिच्या अंगावरून वारे गेले होते, चालणे सुटले होते आणि उजवा हात कायमचा निकामी झाला होता. लग्नापासून लोकर कातण्याचे काम तिचे आणि विणण्याचे त्यांचे. पहिल्याच भेटीत त्यांनी काळ्या सुताने भरलेली एक पाटी माझ्यापुढे ठेवली.

“हे तिचं शेवटचं सूत, साहेब. हात जायच्या आदी कातलेलं. आजपस्तोर जेवढ्या विणल्या तेवढ्या अंबडच्या बाजारात गेल्या. तिला एक न्हाई भेटली. ही तिची.”

“आत्ता सुचलं यांना,” बाई बाजेवरून म्हणाली. “हात गेल्यावर.”

गावात दुसरे कोणी कातणारे नव्हते. सूत एका घोंगडीपुरते होते, त्याहून अधिक नाही. थंडीच्या आत ती तिच्या अंगावर पडावी एवढीच त्यांची इच्छा होती. हे सर्व मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पुढे जे झाले ते अजाणतेपणी झाले, असे म्हणण्याची सोय मला नाही.

घोंगडीचे उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर चढवण्याआधी त्याला खळ द्यावी लागते. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून ही खळ करतात. अंगणात खुंट्यांना ताणा लांबच लांब ताणून बांधायचा, कुंच्याने खळ लावत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे आणि ती वाळेपर्यंत कुंचा फिरवत राहायचे. कुंचा फिरता राहिला तरच धागा धाग्यापासून सुटा राहतो. थांबले की लगतचे धागे एकमेकांना धरतात. वरून कडक ऊन हवे. या कामाला दोन गोष्टी लागतात, ऊन आणि न थांबणारा हात. हे वाक्य मी निवेदनासाठी आदल्या रात्री स्वतः लिहून ठेवले होते.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी आभाळ पांढुरके होते. त्यांनी वर पाहिले आणि ऊन आज बराबर नाही, उद्या करू, असे सुचवले. दुसऱ्या दिवशी जालन्यात एका शाळेचे काम ठरलेले होते. मी म्हणालो की दोन तास ऊन टिकेल. मी शेतकरी नाही, विणकरही नाही. ते कशाच्या आधारावर म्हणालो, हे आजही मला सांगता येणार नाही. दारी आलेल्या माणसाला नाही म्हणण्याची त्यांच्याकडे रीत नव्हती. त्यांनी कुंचा बुडवला.

अर्धा ताणा उत्तम झाला. ते वाकून एका लयीत पुढे सरकत होते, मागे धागे सुटे होत वाळत होते. माझ्या कॅमेरामनने इतके चांगले चित्रण क्वचित केले असेल. मग माझ्या लक्षात आले की कुंचा आणि बोटे जवळून घ्यायची राहिली आहेत, आणि कॅमेरा सावलीच्या बाजूला आहे. मी म्हणालो, “थांबा.”

“थांबू नका हो,” बाजेवरून बाई म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ते थांबले. माझ्या धंद्यात थांबा म्हणणे ही श्वास घेण्याइतकी साधी गोष्ट आहे. कॅमेरा दुसऱ्या बाजूला नेणे, उंची बदलणे, भिंग बदलणे. थोडाच वेळ गेला. तेवढ्यात ऊन गेले.

त्यांनी पुन्हा कुंचा फिरवला तेव्हा तो अडखळू लागला. हात झपाझप चालू लागला, कपाळाचा घाम ताण्यावर पडू लागला. कॅमेरामनने चित्रीकरण कधी बंद केले ते मला कळले नाही. मी त्यांच्या समोर जाऊन बोटांनी धागे सोडवू लागलो. लोकर ओली होती आणि खळ गोंदासारखी झाली होती. एक सोडवला की दोन चिकटत. जोर लावला की तुटत.

माझ्यापाशी दोन जुने हॅलोजन दिवे होते. हल्लीच्या दिव्यांना ऊब नसते, या दिव्यांना असते. ते आणा, असे मी ओरडलो. आम्ही ते ताण्याच्या दोन्ही बाजूंना लावले. वरचे धागे कडक झाले, खालचे ओलेच राहिले. करपल्या लोकरीचा वास आला. मी दिवे मागे सरकवले, पुन्हा पुढे घेतले. शेजारच्यांचा पंखा आणला. ते कुंचा फिरवतच होते. मग गावातली वीज गेली.

“आता ऱ्हाऊ द्या, साहेब,” ते म्हणाले. “पार फळी झाली त्याची.”

मी सोडवत राहिलो. त्यांनी माझे मनगट धरून बाजूला केले. इतका वेळ त्यांनी मला स्पर्श केला नव्हता. नंतर आतून कातर आणून त्यांनी ताणा मधोमध कापला. चांगला अर्धा गुंडाळून घरात नेला. उरलेला खुंट्यांना तसाच राहिला. धुऊन पाहता येईल का, असे मी विचारले. ओली लोकर चोळली की तिचा नमदा होतो, म्हणजे धागे एकमेकांत घट्ट दाटून बसतात, हे त्यांनी सांगितले. हेही मी निवेदनात लिहिलेले होते.

त्यानंतर मी कातणारी बाई शोधू लागलो. लोकर मिळत होती. अंबड तालुक्यातली गावे पाहिली, शहागडला नदीकाठच्या वस्त्यांवर गेलो. कोणाचा चरखा जळणात गेला होता, कोणाच्या सासूबरोबर कातणेही गेले होते. एका घरी माळ्यावरून चरखा खाली काढला, पण त्या म्हातारीची बोटे वळत नव्हती. माझ्या हातात काळ्या लोकरीची पिशवी होती आणि मी दारोदार विचारत होतो. आयुष्यात कोणाकडे काही मागितले नव्हते. तेव्हा मागितले, आणि मिळाले नाही. थंडी सुरू झाली.

लोकर तशीच परत घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. चांगल्या अर्ध्या ताण्याचे विणून झाले होते. बाईच्या अंगावर घोंगडी होती, कमरेपासून गुडघ्यांपर्यंत. पाय उघडे पडत, म्हणून खाली जुनी चादर गुंडाळली होती.

“वर वढली तं पाय उघडे, खाली वढली तं छाती उघडी,” ती मला म्हणाली. “दिवसभर हाच धंदा करून राह्यले मी.” तिचे तिलाच हसू आले. आम्ही दोघे पुरुष हसलो नाही.

विणतानाचे चित्रण मागण्याचा मला आधीच धीर झाला नव्हता. पण माहितीपटाच्या शेवटी तयार वस्तू दिसलीच पाहिजे, असे कार्यालयाचे म्हणणे होते. जालन्यातल्या एका दुकानातून यंत्रावरची काळी घोंगडी आणली, तिथेच दुसऱ्या एका बाजेवर पसरली आणि तिचे चित्रण केले. रिकाम्या मागाचे चित्रण पहिल्या दिवशीच केलेले होते. तेही जोडले. मुलांना शिकवण्यासाठी केलेल्या कामात मी जाणूनबुजून खोटे घातले, ते ही एकच वेळ. कार्यालयाने माहितीपट संमत केला.

गावच्या शाळेत तो दाखवला तेव्हा गुरुजींनी दोघांनाही बोलावले. शेजाऱ्यांनी बाईला खुर्चीसह उचलून आणले. पडद्यावर खळ देण्याचा भाग आला, तिचा नवरा लयीत पुढे सरकत होता आणि मुले त्यांच्याकडे वळून वळून पाहत होती. तो भाग आम्ही अर्ध्यावर तोडला होता. मग रिकामा माग, आणि लगेच बाजेवर पसरलेली पूर्ण घोंगडी दिसली. निवेदकाचा आवाज म्हणाला, अशा रीतीने घोंगडी तयार होते.

“ही माही न्हाई,” बाई म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण वर्ग शांत होता. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. तिच्या नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “न्हाई,” ते म्हणाले, “तुही घरी हाये.”

दिवे लागल्यावर गुरुजींनी मला मुलांशी दोन शब्द बोलायला सांगितले. मी उभा राहिलो. शेवटची घोंगडी दुकानातली आहे, खरी यांच्या घरी आहे आणि ती अर्धीच आहे, एवढे सांगितले. अर्धी का, असे एका मुलीने विचारले. मी सांगण्यास तोंड उघडले, त्याआधीच विणकर उठले.

“ऊन न्हवतं त्या दिवशी,” ते मुलीला म्हणाले, आणि बायकोची खुर्ची उचलण्यासाठी शेजाऱ्यांना हाक मारली.