मागणारं कोण?

आशागडच्या निधीला लोक झोपाळू म्हणायचे, आणि त्यात त्यांची तरी काय चूक? मुलगी भर दुपारी ओटीवरच्या झोपाळ्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन डोळे मिटून बसलेली. वाडीत चिकू उतरवायला येणारी कमळी तर कुंपणावरूनच विचारायची, “काय गं, कंपनी झोपायचा पगार देते काय?” निधी डोळे न उघडताच म्हणायची, “देते तर! तुझंही नाव सुचवू?”

खरं सांगायचं तर ती कामातच असायची. पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी ती घरून कर्नेलचं काम करायची. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कारभारी. कुठलाही प्रोग्रॅम काही करायला आला की हा आधी बघणार, याला तेवढा हक्क आहे का? असेल तर ये, नसेल तर चालू लाग. ही हक्क तपासायची कामगिरी निधीकडे होती. मिटल्या डोळ्यांपुढे तिला ते सगळं त्यांच्या वाडीसारखंच दिसायचं. चिकूच्या गार सावलीतून आवाज न करता ये-जा करणारी माणसं, कोणाला विहिरीपर्यंत मुभा, कोणाला थेट माजघरापर्यंत. त्या सावलीत ती तासन्‌तास हरवून जायची. सुख होतं ते, दुसरं काही नाही.

२०१७च्या मे महिन्यात तिच्या साहेबांचा, मनीष पांड्यांचा फोन आला. “निधी, पुण्याला ये. कायमची जागा आहे. आज संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर दुसऱ्याला घ्यावं लागेल. आणि हो, तुझी तपासणी मी आज फोडली. एक फाटका प्रोग्रॅम, हक्क शून्य, आणि नको तिथे लिहून आला! कसा, ते तूच शोध.”

पुणं! निधीचं काळीज सुपाएवढं झालं, आणि वडिलांचा चेहरा आठवताच सुपारीएवढं. घरबसल्या मिळतंय तर परगावी कशाला, असं म्हणणारा माणूस तो. ती धावली ती आईकडे. “आई, तू अण्णांना सांग ना.”

त्या घरात रीतच तशी होती. अण्णांकडे थेट कोणी काही मागायचं नाही. सायकल, कॉलेज, लॅपटॉप, सगळं आईच्या, म्हणजे आनंदीबाईंच्या, तोंडून गेलेलं. चहाचा कप पुढे ठेवत त्या म्हणायच्या, “मी काय म्हणते…” आणि अण्णांनी त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

“सांगते हो चहाच्या वेळी,” आनंदीबाई म्हणाल्या. निधी निर्धास्त होऊन झोपाळ्यावर जाऊन बसली.

समुद्राकडून वारा येत होता, झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या. डोळे मिटले आणि ती सावली पुन्हा पसरली. त्या सावलीत तिला मनीष सरांचा फाटका प्रोग्रॅम दिसला. त्याने एक फाईल नुसती उघडली. उघडायला कोणी अडवतच नव्हतं. मग ती उघडी फाईल त्याने सगळे हक्क असलेल्या एका मोठ्या प्रोग्रॅमच्या हाती दिली, आणि त्या भोळ्याने तीत लिहून टाकलं. निधीच्या तपासणीने लिहिणाऱ्याचं तोंड बघितलं आणि म्हटलं, हे तर आपलंच माणूस, जाऊ द्या! फाईल उघडली कोणी, हे विचारलंच नाही.

“अगं बाई!” निधी एकदम ताठ बसली. तिला हसू आलं, मग लाज वाटली. आयुष्यभर तिने तरी दुसरं काय केलं होतं? मागणारी ती, तोंड आईचं. या घरात वाढलेल्या मुलीला त्यात खटकावं तरी कसं? तिने फाईल उघडतानाच तपासणी लावली, आणि ती उघडणाऱ्याचीच. फाटका प्रोग्रॅम दारातच अडला.

तेवढ्यात कपबश्या वाजल्या. अण्णा वाडीतून येऊन ओटीवर टेकले होते. आनंदीबाईंनी कप पुढे ठेवला. “मी काय म्हणते…”

“आई, थांब. मी बोलते.” निधी झोपाळ्यावरून उतरली. “अण्णा, मला पुण्याला नोकरीला जायचंय. आई नाही म्हणत, मी म्हणतेय. जाऊ?”

आनंदीबाईंनी डोळे वटारले. अण्णांचा बशीत चहा ओतणारा हात थांबला. आईने विचारलं असतं तर एव्हाना हो झालं असतं, निधीला वाटलं. आपल्याच हाताने सगळं घालवलं.

“ती सायकल,” अण्णांनी विचारलं, “तुला हवी होती?”

“हो.”

“आणि लॅपटॉप?”

“तोही मलाच हवा होता, अण्णा.”

“मला वाटायचं, सगळी हिचीच हौस.” अण्णा बशीकडे बघत म्हणाले. “पोरीला आपल्याकडून काही नकोच असतं, असं वाटायचं गं मला.”

निधीला रडूच फुटलं.

“जा,” अण्णा म्हणाले. मग घाईघाईने बशी खाली ठेवून तिच्याकडे सरकले. “आणखी काय हवंय? माग ना.”